मोशीच्या बंधाऱ्यात अडकलेले ठोकळे

देहूच्या घाटाखाली इंद्रायणीत पडलेली तरंगती वस्तू मोशीचा बंधारा ओलांडून पुढे जाते का, आणि जात असल्यास शंभरातल्या किती जातात, या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी यंदाच्या हिवाळ्यात पिंपरी-चिंचवडला गेले होते. प्रश्न लहान आहे. पण माझ्या प्रबंधाचा चौथा अध्याय त्याच्या उत्तरावर उभा होता, आणि चौथ्यावर पुढचे तीन.

मी कोकणातल्या एका खाडीकाठच्या शाळेत एकोणीस वर्षे विज्ञान शिकवले. सध्या रजा घेऊन नदीमुखांतील प्लास्टिक प्रदूषणाच्या गणिती प्रतिमानावर संशोधन करते. प्रतिमान म्हणजे काय, हे वर्गात सांगत असे तसेच सांगते. आलेखाचा कागद नदीमुखावर पसरला आहे अशी कल्पना करावी. प्रत्येक चौकोन भरती-ओहोटीबरोबर आपले पाणी शेजारच्या चौकोनाला देतो, आणि त्या पाण्याबरोबर प्लास्टिकही देतो. हे देणेघेणे संगणक लाखो वेळा मोजतो. कागदाच्या वरच्या कडेला मात्र एक चौकोन असा असतो, की ज्यात फक्त ‘नदी’ असे लिहिलेले असते. त्यात आपण बाहेरून एक आकडा भरतो: वरून किती आले. तो आकडा चुकला तर खालचे सगळे चौकोन अत्यंत काटेकोरपणे चूक उत्तर देतात.

माझे काम पूर्व किनाऱ्यावरच्या कृष्णेच्या मुखाचे आहे. इंद्रायणी भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणून देहू ते मोशी हा टप्पा मी नमुन्यासाठी निवडला होता. मागच्या वर्षी येथे नारिंगी रंगाचे, क्रमांक घातलेले साठ लाकडी ठोकळे सोडले, दोन दिवस थांबले आणि परतले. पुढचे काम प्रशांतने केले. प्रशांत हा माझा जुना विद्यार्थी. चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे आणि मोशीत राहतो. दर रविवारी तो बंधाऱ्याखालच्या काठाने फिरला आणि सापडलेले क्रमांक मला कळवत गेला. दर दहापैकी सात ठोकळे बंधारा ओलांडून गेले होते. तो गुणक मी प्रबंधात घातला.

सादरीकरणात एका परीक्षकांनी विचारले, “पाणी इतके संथ, जलपर्णी इतकी दाट, आणि तरीही दहातले सात?”

“मोजले आहे,” मी म्हणाले.

“मग पुन्हा मोजा,” ते म्हणाले.

माझी रजा उन्हाळ्यापर्यंतच होती. पुन्हा मोजण्याची संधी ही एवढीच.

पहिला दिवस: मोशी

मोशी हे काही वर्षांपूर्वीपर्यंत शेतीचे गाव होते, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. उसाच्या एखाद्या उरलेल्या तुकड्याशेजारी चौदा मजली इमारत उभी असते आणि तिच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीची गच्ची दिसते. रस्त्यावर दुचाक्यांची रांग कारखान्यांच्या शिफ्टप्रमाणे फुगते आणि ओसरते. आमच्याकडे भरती-ओहोटीची वेळ घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते; येथे तसे शिफ्टचे आहे.

प्रशांतच्या सोसायटीच्या फाटकाशी रखवालदाराने माझे पोते थांबवले. तो नांदेडकडचा होता.

“काय आहे ताई ह्यात?”

“लाकडी ठोकळे.”

“फर्निचरचं काम असंल तर दुपारी दोन ते चार बंद असतंय.”

“फर्निचर नाही. नदीत सोडायचे आहेत.”

त्याने पोत्याचे तोंड उघडून नारिंगी रंग पाहिला, मान डोलावली आणि नोंदवहीत ‘पूजेचं सामान’ असे लिहिले. मी ते वाचले, मनात हसले आणि लिफ्टकडे निघाले. ज्या खुणेपाशी थांबायला हवे होते, ती मला अशी पहिल्याच दिवशी लेखी मिळाली होती.

प्रशांतची बायको मनीषा धाराशिवकडची. तिने ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. मी नेलेली सुकट प्रशांतने तव्यावर टाकली, तेव्हा पाच मिनिटांत शेजारच्या दाराची बेल वाजली.

“काही जळतंय का हो तुमच्याकडं?”

“नाही काकू, आमच्या बाई आल्यात गावाकडनं,” प्रशांत म्हणाला.

मनीषाने खिडक्या उघडल्या. खिडकीतून नदीचा वास आला आणि सुकटीचा वास मागे पडला.

दुसरा दिवस: देहू

देहूच्या घाटावर मासे धरत नाहीत. लोक त्यांना पिठाच्या गोळ्या आणि चुरमुरे घालतात. मासे पायरीपर्यंत येतात आणि माणसाच्या सावलीला घाबरत नाहीत. ज्या गावात मासा दिसताच जाळ्याची आठवण होते, त्या गावातून आलेल्या मला हे पाहताना संकोच वाटला. चुरमुरे छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत विकले जातात. विकणाऱ्या बाईंकडून मी एक पिशवी घेतली, रिकामी केली आणि ती कुठे टाकू, असे विचारले.

“टाका की तिकडंच. जाती पुढं.”

“पुढे कुठे?”

“पुढं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने उत्तर पूर्ण झाले होते.

माझ्या गावी असे म्हणता येत नाही. खाडीत टाकलेले सहा तासांनी परत येऊन आपल्याच बांधाला लागते. ‘पुढे’ नावाची जागाच नसते. एकाच दिशेने वाहणाऱ्या पाण्याशेजारी राहणाऱ्या माणसाला मात्र ती असल्याचा भरवसा असतो, हे मी त्या दिवशी वहीत लिहिले.

घाटापासून बरेच खाली, माणसे नसलेल्या जागी, मी या वर्षीचे साठ ठोकळे एकेक करून सोडले. पाण्यावर साबणासारखा पांढरा फेस होता. वाऱ्याने त्याचे गोळे उडून काठच्या बाभळीला लागत होते. एका ठोकळ्यावर फेस बसला आणि क्रमांक दिसेनासा झाला. बाकीचे हळूहळू निघाले, एखादा वर्ग मैदानाकडे रांगेने जातो तसे.

तिसरा ते पाचवा दिवस: काठाने

या वेळी मी एक बदल केला होता. मागच्या वर्षी फक्त शेवटी काय उरले ते पाहिले होते. या वेळी ठोकळ्यांबरोबर चालायचे ठरवले. नदीकाठ सलग चालता येत नाही. कुठे भिंत, कुठे राडारोडा, कुठे कुत्री. चौथ्या दिवशी माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत गाळात रुतला. पाय निघाला, चप्पल राहिली. पुढचा अर्धा दिवस एका गोठ्यातून मिळालेल्या पुरुषी रबरी चपलांत काढला.

काही ठोकळे वाटेतच झुडपांत अडकले. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी मोशीच्या बंधाऱ्यावर पोचले. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जलपर्णीचा इतका दाट थर होता की त्यावर बगळे चालत होते. त्या थरात दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, निर्माल्याची बोचकी आणि माझे ठोकळे रुतून बसले होते. दुर्बिणीने मी बेचाळीस मोजले. बंधाऱ्याखाली एकही नव्हता. पाणी दगडांच्या फटींतून झिरपत होते. ठोकळा जाईल अशी वाट मला दिसली नाही.

सहाव्या दिवशी सकाळी नऊला मी परत गेले. जलपर्णीत माझे सोळाच ठोकळे होते. बाकीचे सव्वीस बंधाऱ्याखाली संथपणे तरंगत होते. पाण्याची पातळी रेघभरही बदललेली नव्हती. बंधाऱ्याच्या खांबावर मी आदल्या संध्याकाळी खडूने केलेली खूण तशीच होती.

मला आनंद व्हायला हवा होता, कारण या वेगाने मागच्या वर्षीचाच आकडा पुन्हा येणार होता. तो झाला नाही.

सहावा दिवस: कुरुळी

त्या दिवशी प्रशांतला सुट्टी होती. दुपारी त्याला कुरुळीत एका सहकाऱ्याकडे जायचे होते, म्हणून मला बरोबर घेऊन गेला. कुरुळीत कामगारांच्या खोल्यांच्या रांगा आहेत. त्यांच्यामागून एक ओढा जातो आणि त्यात यंत्रांच्या सुट्या भागांना गुंडाळून येणारी फुगवट्यांची प्लास्टिकची चादर थरावर थर साचलेली असते. सहकाऱ्याची बायको सविता बीडची. ती दारात कपडे पिळत होती.

“ह्या ओढ्याला पाणी कुठून येतं?” मी विचारले.

“ओढ्याला कशाचं आलंय पाणी? आमच्या आंघोळीचंच हाय ते,” ती म्हणाली. “पाऊस आला की सगळं नेतंय. तवर आमचं आम्हालाच बघत बसावं लागतंय.”

परतताना चहाच्या टपरीवर मी प्रशांतला सकाळची हकीकत सांगितली. त्याने कप बाकावर ठेवला.

“बाई, राग मानू नका. आमच्याकडं एखादा न बसणारा पार्ट रोज पास व्हायला लागला ना, की आम्ही पार्ट बघत नाही. तपासणीच्या टेबलावर कोण बसलंय ते बघतो.”

“तिथे कोणी बसत नाही. नदी आहे ती.”

“मग तुम्ही बसा,” तो म्हणाला. “मागच्या साली मी रविवारी जायचो, अकराला उठून. सकाळी तिथं काय होतं, ते मी कधी बघितलंच नाही. चूक माझीपण आहे.”

चूक त्याची नव्हती. काय पाहायचे हे मी सांगितले होते, आणि जे सांगितले ते त्याने चोख पाहिले होते.

सातवा दिवस: बंधारा

सूर्योदयाला मी बंधाऱ्याजवळच्या उंबराखाली बसले. थोड्या वेळाने धोतर, स्वेटर आणि डोक्याला मफलर अशा वेशातले एक वृद्ध गृहस्थ लांब बांबू आणि प्लास्टिकची पाटी घेऊन आले. पाटी काठावर ठेवून ते बंधाऱ्यावर चढले, बांबूच्या आकड्याने जलपर्णीतून एक बोचके ओढले, ते पाटीत ठेवले. मग दुसरे. मग माझा एक ठोकळा, आणि आणखी एक. पाटी भरल्यावर ती घेऊन ते सावकाश बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उतरले आणि एकेक वस्तू पाण्यात सोडली. प्रत्येक वेळी ओला हात कपाळाला लावला.

मी उठून गेले. आपले नाव सांगितले, ठोकळे माझे आहेत हेही सांगितले.

“तुमचं व्हय?” ते म्हणाले. “मागल्या साली बी तुमचंच व्हतं?”

“हो.”

“मंग काय नवस व्हता एवढा? दोन-दोन साल सोडताय.”

“नवस नाही, आप्पा. मोजणी होती.” त्यांना गावात सगळे किसनआप्पा म्हणतात, हे त्यांनीच सांगितले.

“शेंदरी रंग, वर आकडा घातलेला. मला वाटलं, मोठ्या घरचा नवस आसंल. आन् अडाकलेला.” त्यांनी बांबू टेकवला. “पान्यात सोडलेलं अडकू द्यायचं न्हाई बाई. देनाऱ्याचा जीव तिथंच ऱ्हातो.”

ठोकळे दुरून दिसावेत म्हणून मी नारिंगी रंग निवडला होता. वर्गात मी मुलांना सांगत असे की प्रयोग करणाऱ्याने प्रयोगात हात घालू नये. माझा हात रंगाच्या डब्यापासूनच आत होता.

“रोज करता हे?” मी विचारले.

“रोज. चार वर्सं झाली.” ते पायरीवर बसले. “आमची मंडळी गेली तवा पोराला दुसऱ्या दिवशी कंपनीत शिफ्ट. सुट्टी घेतलेली संपली व्हती. रक्षा पिशवीत आनली आन् पिशवीसकट सोडली. गाठ मारलेली तशीच. माझ्या ध्यानात आलं, तवर गेली व्हती ती. पांढरी पिशवी, दुकानाचं नाव लिव्हलेली. हितं यिऊन बसली.” त्यांनी जलपर्णीकडे हनुवटीने दाखवले. “आठ दिस. मी काठावरनं बघायचो. मला ह्यातलं काय ठावं न्हवतं तवा. नवव्या दिवशी बांबू आनला.”

बंधाऱ्याच्या पलीकडच्या रस्त्यावरून कारखान्यांच्या बसगाड्या जात होत्या. आम्ही दोघे त्या मोजत असल्यासारखे बघत राहिलो.

मला जे विचारायचे होते ते मी दहा मिनिटांनी विचारले. माझे ठोकळे त्यांनी चार दिवस तसेच राहू द्यावेत. नदी स्वतः काय करते ते मला पाहायचे आहे.

“तुमचं ऱ्हाऊ देतो,” आप्पा म्हणाले. “पर बाकीच्यांचं सोडनार. ते आडवू नका.”

“त्यात प्लास्टिक असते आप्पा. ते पुढे जाते.”

“जातंय म्हनूनच सोडतो की.”

यावर माझ्याकडे उत्तर होते, पाठ होते, आणि ते मी दिले नाही.

अकरावा दिवस: पुन्हा बंधारा

चार दिवसांत जलपर्णीत राहिलेल्यांपैकी एकही ठोकळा हलला नाही. आप्पा रोज येत, ठोकळ्यांना वळसा घालून बांबू चालवत आणि बाकीचे नेऊन सोडत. एकदा त्यांनी मला घरून आणलेले थालीपीठ दिले आणि म्हणाले, “खावा. तुमचं तर काय जातच न्हाई पुढं.” ते हसले, मीही हसले. त्यांचे म्हणणे मात्र शब्दशः खरे होते.

पावसाळ्यात पूर येतो तेव्हा काय होते, ते मी मोजलेले नाही. कोरड्या महिन्यांपुरते सांगते: माझ्या साठ ठोकळ्यांपैकी स्वतःहून बंधारा ओलांडणारा एकही नव्हता. आप्पांच्या हातांतून मात्र बंधाऱ्याशी पोचलेले जवळजवळ सगळे जाऊ शकत होते. माझ्या प्रबंधात ‘नदी’ म्हणून जो आकडा होता, तो नदीचा नव्हताच. तो एका माणसाच्या चार वर्षांच्या सकाळींचा होता, आणि मी तो कृष्णेच्या मुखापर्यंत प्रत्येक टप्प्याला लावला होता.

संध्याकाळी मार्गदर्शकांना फोन केला. ते भले गृहस्थ आहेत. शांतपणे ऐकून म्हणाले, “तळटीप द्या. ‘स्थानिक मानवी हस्तक्षेपाची शक्यता’ एवढे पुरे. सगळेच देतात.”

“सर, हस्तक्षेपाची शक्यता नाही. सगळा आकडाच हस्तक्षेप आहे.”

“अध्याय काढलात तर यंदा पदवी होणार नाही. रजा वाढेल तुमची?”

“नाही वाढणार.”

“मग विचार करा,” ते म्हणाले आणि पुढे विचारले, “आणि समजा, तुम्ही खरे लिहायचे ठरवलेत. त्या माणसाला समीकरणात कसे लिहिणार?”

हे मला आजही सांगता येत नाही. पाण्याचा वेग लिहिता येतो, वाऱ्याचा लिहिता येतो. बांबू हातात घेणाऱ्याला कोणते अक्षर द्यावे, हे कोणत्याही पुस्तकात मला सापडलेले नाही. मी अध्याय मागे घेतला. जूनमध्ये शाळेत परत रुजू होईन. आठवीचा वर्ग मिळेल असे मुख्याध्यापिका म्हणाल्या आहेत.

बारावा दिवस: निरोप

ठोकळे नदीत सोडून जाणे योग्य नव्हते. आप्पांनी बांबूने जलपर्णीतले सगळे काढून दिले आणि मी ते पोत्यात भरले. बंधाऱ्याखाली गेलेल्यांपैकी काही काठाशी मिळाले. बाकीचे मिळाले नाहीत. पोत्याचे तोंड बांधत असताना त्यांनी विचारले, “तुमी शिकलेल्या. ह्या पान्याचं सगळं ठावं आसंल. तिची पिशवी पोचली आसंल का?”

“कुठे, आप्पा?”

“समुद्राला. का कुठं जातंय ते तिथं.”

मी एकोणीस वर्षे मुलांना सांगितले आहे, की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे. आणि मला बरेच माहीत होते. पुढे आणखी बंधारे आहेत, त्यांच्यापुढे एक मोठे धरण आहे. गाठ मारलेली पिशवी बहुधा त्याच्याही अलीकडे कुठल्या तरी गाळात असेल आणि तिचे तुकडे व्हायला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त काळ लागेल.

“पुढे असेच बंधारे आहेत आप्पा,” मी म्हणाले. “मग मोठे धरण आहे. मी मोजलेले नाही. पण आपोआप जाणे अवघड आहे.”

त्यांनी बांबूच्या आकड्याला गुंतलेली जलपर्णी सोडवली. मला वाटले, मी नको ते बोलले.

“आपोआप न्हाईच जायची,” ते म्हणाले. “हितनं तरी कुठं आपोआप गेली? तिथं बी कुनीतरी आसंल की.”

मग पाटी उचलून ते बंधाऱ्यावर चढले, कारण सकाळची बोचकी अजून तशीच होती.

वाचकांना एक विनंती आहे. माझ्या सांगण्यावर विसंबू नये. आपल्या गावाजवळच्या पुलावर किंवा बंधाऱ्यावर पाऊस नसलेल्या दिवशी जावे, पाण्यात अडकलेली एक वस्तू निवडावी, तिची जागा आणि पाण्याची पातळी लिहून ठेवावी. आठ दिवस रोज पाहावे, आणि पहाटे पाहावे. ती तिथेच राहिली तर तसे लिहावे. हलली, तर ती कोणी हलवली हे काठावरच्या माणसांना विचारावे, आणि त्याने ती का हलवली हेही.